तक्त्यावरची बाई

काशीराम वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, चला." तेवढ्यावरून मला कळलं. कारखान्याच्या फाटकाच्या आत तो मला कधी दाजी म्हणत नसे. तो माझ्या बायकोच्या, ठमाच्या, गावचा. गावकीच्या नात्यानं तिचा भाऊ, दर भाऊबीजेला आमच्या खोलीवर येऊन पाटावर बसणारा. पनवेलच्या बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, तळ्याच्या काठी मी त्याचा दाजी होतो. फाटकाच्या आत मी मास्तर आणि तो बायकांचा मुकादम. हे आमचं ठरलेलं होतं. त्या दिवशी तो ते विसरला, म्हणजे काय झालं असेल ते मला विचारावं लागलं नाही. मी नव्या कामगारांना गोणी कशी उचलायची ते शिकवत होतो. गुडघे वाकवा, पाठ सरळ, वजन पायांवर. गोणी माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली, आणि ठेवली ती शिकवल्यासारखी, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून. समोरच्यांनी ते पाहिलं. याचा मला अजून राग येतो. बायको गेली ते कळलं आणि मी गोणी नीट ठेवली. टाकली का नाही? फेकली का नाही? आवारात आलो तर ट्रक परत आलेला होता. पॅकिंगच्या शेडमध्ये पेटलेल्या ठमाला मला न कळवताच ठाण्याच्या इस्पितळात न्यायला निघालेला ट्रक तळोज्यावरूनच मागे फिरला होता. ड्रायव्हर खाली उतरून उगाच टायर बघत होता.

मी आधी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. खाडीकडच्या गावात, एका शिक्षकाची शाळा. तिथून कारखान्यानं मला घेतलं, कारण शेतात आणि मिठागरात वाढलेल्या लोकांना यंत्रापुढं उभं करायचं होतं आणि त्यांची भाषा बोलणारा माणूस त्यांना हवा होता. मला मुंबईला पाठवून शिकवण्याचं शिक्षण दिलं. सांगा, दाखवा, करून घ्या, तपासा. या चार पायऱ्या. परदेशातून आलेलं पुस्तक होतं, त्याचं मराठी मीच केलं. कारखान्यात काडेपेटीवाल्यांना लागणारी पांढरी पूड बनते. दिसायला मिठासारखी. मिठागरातून आलेल्या माणसाला ती परकी वाटतच नाही, हेच मोठं संकट. मिठाला भ्यायचं कशाला? माझा पहिला धडा तिथूनच सुरू होई. हे मीठ नव्हे. या पुडीला तेल चालत नाही. तेल आणि ही पूड एकत्र आली, वाळली आणि घासली गेली की पेट घेते. अंगाला तेल लावून कामावर यायचं नाही. केसांना नाही, पायांना नाही. मी हे एवढ्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. आणि हे सगळं मी पुरुषांना सांगत होतो. बायका पॅकिंगच्या शेडमध्ये. त्या काशीरामच्या हाताखाली, कारखान्याच्या पटावर नाहीत. त्यांनाही वर्गात बसवा असं मी टिपणीससाहेबांना म्हणालो होतो, एकदा नाही, दोनदा. टिपणीससाहेब आमच्या कारखान्याचे मॅनेजर. ते म्हणाले, "मास्तर, त्या मुकादमाच्या बायका. आज आहेत, उद्या भातलावणीला पळतील. त्यांना ट्रेनिंग देऊन कुणाचं भलं व्हायचंय? पॅकिंग शेड तुमच्या हद्दीत येत नाही." मग मी त्या शेडमध्ये गेलोच नाही. हद्द म्हणजे हद्द.

ठमा तिथं लागली ते मिठागराचा बांध उधाणात फुटला म्हणून. लहानपणापासून तिनं दुसरं काम केलं नव्हतं. आगरात उतरायच्या आधी त्या बायका पायांना तेल चोळतात, नाहीतर खारं पाणी भेगा पाडतं. रोजचा रिवाज, चहासारखा. कारखान्यात लागली त्या दिवसापासून मी तिचं तेल बंद केलं. ती हसली होती. "अवो मास्तर, शाळा काय घरी पन भरवता का?" मी म्हणालो, हसू नकोस, हे ऐक. आणि तिला मी चारही पायऱ्या दिल्या. सांगितलं, दाखवलं, करून घेतलं, तपासलं. रोज सकाळी ती निघण्याआधी मी तिचे पाय बघत असे. काय नवरा, म्हणेल कोणी. बायकोचे पाय तपासणारा. तिच्या टाचा फुटल्या. आधी रेघा, मग भेगा, मग भेगांत रक्त. सुटीच्या दिवशी ती फडताळापुढं उभी राहून खोबरेलाच्या बाटलीकडं बघे. "आज तरी लावू का? आज काय कामाला नाय जायाचं." मी नाही म्हणालो. कातडीत मुरतं, दुसऱ्या दिवशीही राहतं. ती म्हणाली, "बरं. तुमच्या शाळेत पास झाली ना मी?" आणि बाटली तशीच राहिली, गळ्यापर्यंत भरलेली. ती अजून फडताळात आहे. थंडीत गोठते आणि उन्हाळ्यात वितळते.

तिला खोलीवर आणलं तेव्हा पांघरूण काढायला मला कोणी देईना. पण पाय उघडे होते. पायांना आगीनं हातसुद्धा लावला नव्हता. तेच पाय, त्याच भेगा. सवाष्ण बाईला घालवताना आमच्याकडं पायांना तेल-हळद लावतात. सखूबाई वाटी घेऊन पुढं आली. सखूबाई तिची जोडीदारीण, मिठागरातही बरोबर आणि शेडमध्येही बरोबर. तिनं तेलात बोटं बुडवली आणि माझ्या तोंडून आवाज फुटला. "तेल नको! तिला तेल लावू नका!" एवढ्या मोठ्यानं मी वर्गातही कधी बोललो नव्हतो. सखूबाईचा हात तसाच वर राहिला. मला म्हणायचं होतं की तिनं इतके महिने पाळलं ते आता मोडू नका. माझं शिकवलेलं तिच्याइतकं कोणी शिकलं नाही. पण तोंडातून निघालं तेवढंच. तेल नको. कोणीतरी म्हातारी म्हणाली, "जाऊ दे, मास्तरचं डोकं ठिकानावर नाय." तेल न लावता तिला नेलं. दारात काशीराम उभा होता. त्यानं ऐकलं.

मी कामावर परत गेलो त्या दिवशी टिपणीससाहेबांनी मला खुर्चीत बसवलं. एरवी मी उभाच असतो. त्यांनी चहा मागवला. दुःखाचं बोलून झालं. मग म्हणाले, "मास्तर, एका अर्थी तुमचं म्हणणं बरोबर होतं. बायकांना ट्रेनिंग द्यायला हवं. आता देऊ. कारण कळलंय, त्यामुळं सोपं झालंय. तेल."

मी म्हणालो, "साहेब, ती तेल लावत नव्हती."

"तुम्हीच तर म्हणालात. सगळ्यांसमोर ओरडलात. काशीरामनं सांगितलं मला."

"मी लावू नका म्हणालो. ती लावत नसे, म्हणून."

साहेबांनी माझ्याकडं फार प्रेमानं बघितलं. त्या प्रेमाची मला शिसारी येते. म्हणाले, "माणूस दुःखात खरं बोलतो. त्यात तुमचा दोष नाही, तिचाही तसा नाही. सवय. जुनी सवय जात नाही. आपण एक छान तक्ता करून घेऊ, आणि तुम्हीच शिकवा. तुमच्या तोंडून ऐकलं तर बायकांवर जेवढा परिणाम होईल तेवढा दुसऱ्या कुणाच्या बोलण्यानं होणार नाही." हे बोलताना त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मी चहा प्यालो. सांगायला लाज वाटते, पण चहा चांगला होता.

घरी सखूबाई भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन येई. ठेवून जाई. बोलत नसे, मी तिच्या हातातली वाटी परत पाठवली होती ना. एके दिवशी ती उंबऱ्यावर बसली. "मास्तर, एक बोलू? रागावणार नाय ना?" मी म्हणालो, बोल. "ती पायापासून नाय पेटली. पाठीपासून पेटली. गोनी पाठीवर घेतली, भिंतीला घासली आन भक्कन झालं. पोतं पेटलं, मास्तर. पाठीवरचं पोतं."

पोतं. मला पोतं माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत होतं. मिठागरात पाटी उचलणारी प्रत्येक बाई पाठीवर पोतं बांधते, त्याशिवाय मिठानं पाठ सोलून निघते. पण शेडमध्येही बांधतात हे मी पाहिलं नव्हतं. येताजाता बायका पोती तिथंच खिळ्याला अडकवत. घरी येई ती नुसत्या लुगड्यात. सखूबाईला मी म्हणालो, तुझं पोतं मला आणून दाखव. दुसऱ्या दिवशी तिनं पदराखालून आणलं. मी ते नाकाशी धरलं. पेंडीचा वास. तेलाच्या घाण्यावरचं पोतं होतं ते, आधी पेंड भरून झालेलं, तागात तेल मुरलेलं, वर महिनोन् महिने पांढरी पूड बसलेली आणि उन्हात वाळलेली. मी ते तिथंच उंबऱ्यावर टाकलं. माझ्या पुस्तकात अंग होतं, केस होते, पाय होते. यंत्राचं ग्रीस होतं. ज्या देशात ते पुस्तक लिहिलं त्या देशात बाई पाठीवर पोतं बांधत नाही. मी सांगितलं तेवढं ती शिकली, अगदी तेवढंच. टाचा फोडून घेतल्या आणि पाठीवर तेल बांधून रोज कामाला गेली. मी रोज सकाळी तिचे पाय बघत होतो.

काशीराम मला वडाळे तळ्याच्या पायरीवर सापडला. संध्याकाळची बायका-माणसांची वर्दळ होती. मी त्याला पोती कुठून आली ते विचारलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "घान्यावरनं आनली. हात जोडून आनली. बायांच्या पाठी सोलत व्हत्या, दाजी. कारखान्यात मागितली तर साहेब बोलले, गोन्या मालाला हायत, बायांना नाय. पोत्याशिवाय कोन उचलतं सांगा? चांगली जाड बघून आनली. ठमीला सगळ्यात जाड दिली, माझी बहीन म्हनून."

मला त्याला तळ्यात ढकलावंसं वाटलं. खरंच वाटलं. माझे हात पुढं आले होते. त्याच्या तोंडाकडं बघून मागं घेतले. तो रडत नव्हता. रडला असता तर ढकललं असतं.

"साहेबाला जाऊन सांग," मी म्हणालो. "तेल तिच्या अंगाला नव्हतं, पोत्यात होतं."

"मी सांगितलं तर मी जाईन. तुमी सांगितलं तरी मीच जाईन. साहेब काय जानार हाय? तिचा भाऊ जाईल. तुमाला पटतं का बघा."

"आणि उद्या सखूबाई पेटली तर?"

"मास्तर तुमी हाव," तो म्हणाला. "मी नाय." दाजी म्हणाला नाही. फाटकाच्या बाहेर पहिल्यांदा.

पुढचे काही दिवस मी बाजारातून जाताना प्रत्येक माणसावर चिडत होतो. तांदळाच्या गिरणीच्या भोंग्यावर चिडत होतो. कल्हईवाला, बर्फवाला, माझ्याकडं मान हलवून बघणारे दुकानदार. सगळ्यांच्या तोंडावर तोच भाव. बिचारा मास्तर. त्याचीच बायको, आणि तेल लावून गेली. कोणी म्हणत नव्हतं, पण मला ऐकू येत होतं. गावात एक गोष्ट पसरली की ती रस्त्यासारखी होते, लोक तिच्यावरूनच चालतात. त्यातच मला दादू पेंटरच्या दुकानापुढं तक्ता दिसला. दादू ट्रकच्या पाठी रंगवतो, दुकानांच्या पाट्या करतो. तक्ता वाळायला रस्त्यावरच ठेवला होता. लुगडं नेसलेली बाई, कपाळाला कुंकू, एका हातात तेलाची बाटली, आणि पायापासून कमरेपर्यंत ज्वाळा. ज्वाळा सुंदर काढल्या होत्या, कमळाच्या पाकळ्यांसारख्या. बाई हसत होती. खाली मोठ्या अक्षरांत: निष्काळजीपणा जीव घेतो.

"दादू, हा चेहरा कुणाचा?"

"कुनाचा नाय, मास्तर. बाई मला एकच येते. लक्ष्मी काढली तरी हीच, साबनाची पाटी केली तरी हीच. हातातली वस्तू तेवढी बदलायची." मग त्याला आठवलं मी कोण ते. त्यानं ब्रश खाली ठेवला. "साहेबांनी सांगितलं तसं केलं हो."

"ती बाटली पुसून टाक."

"पुसतो की. दोन मिनिटांचं काम. पन साहेबांची चिठ्ठी आना. माल त्यांचा हाय."

आणि हे सगळं त्यानं तेलरंगात रंगवलं होतं. अळशीचं तेल. मी रस्त्यात उभा राहून हसलो. दादू घाबरून आत गेला.

बायकांचा वर्ग पहिल्यांदाच भरला. बाकांवर न बसता त्या खाली फरशीवर बसल्या, भिंतीला टेकून, पोती मांडीवर घडी करून. टिपणीससाहेब मागं खुर्चीत. काशीराम दारात. तक्ता माझ्या मागं. मी उभा राहिलो. गंगाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मास्तर, इतकी वर्सं आमाला कोनी शिकवलं नाय. आमाला शिकवायला आधी एक मानूस जावं लागतं का?" साहेब खाकरले. सखूबाई तिला कोपरानं ढोसत होती. मला गंगाबाईचा राग आला नाही. त्या खोलीत तिचाच तेवढा राग आला नाही.

मी म्हणालो, "तक्त्यावरची बाई बघा. तिच्या हातात बाटली आहे. ठमाच्या हातात बाटली नव्हती. ती तेल लावत नव्हती. तिच्या टाचा तुम्ही सगळ्यांनी बघितल्यात."

"बघितल्या," गंगाबाई म्हणाली. "भाताच्या खाचरासारख्या."

मी सखूबाईचं पोतं मागितलं. नखाएवढा तुकडा कापला. सगळ्यांना बाहेर आवारात नेलं, लांब उभं केलं. साहेब म्हणत होते, "मास्तर, हे काय चाललंय, प्रात्यक्षिक ठरलं नव्हतं." सांगा, दाखवा. मी तुकडा दगडावर ठेवला आणि लांब दांड्याच्या हातोडीनं मारला. आवाज झाला तो लग्नातल्या फटाक्यासारखा. ज्योत निघाली आणि गेली. बायका आपापल्या हातातल्या पोत्यांकडं बघत होत्या. मग एकेक करून त्यांनी ती जमिनीवर ठेवली, हळू, झोपलेलं मूल ठेवावं तशी. गंगाबाई म्हणाली, "आन हे आमी पाठीवर घेऊन नाचत व्हतो." मग वळून तिनं विचारलं, "आनली कोनी ही?"

काशीराम माझ्याकडं बघत होता. मला वाटतं, त्याच्याकडं तेव्हा बोलायला वेळ होता. मी त्याला वेळ दिला. गप्प राहिलो, शिकवताना प्रश्न विचारून गप्प राहतात तसा. तो बोलला नाही. साहेबही बोलले नाहीत, आणि बायकांना पोती द्यायला नाही म्हणणारे तेच होते. तेव्हा मी म्हणालो, "काशीरामनं आणली. कारण कारखान्यानं दिली नाहीत. मागितली होती, दिली नाहीत."

पहिलं वाक्य साहेबांनी ऐकलं. दुसरं ऐकलं नाही. दुसरं बोलताना मी त्यांच्याकडंच बघत होतो, तरी ऐकलं नाही. आठवडा संपायच्या आत काशीरामला काढलं. कारण लिहिलं: मुकादमाचा निष्काळजीपणा. शब्द तोच, फक्त एका अंगावरून उचलून दुसऱ्या अंगावर ठेवलेला. मी ओझं उचलायला शिकवतो, साहेबांना ते शिकवावं लागत नाही. मी केबिनमध्ये गेलो, न बसता बोललो. म्हणालो, पोती नाही म्हणणारा कोण होता तेही लिहा. साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्हाला हवं होतं ते झालं ना? तिच्यावरचा ठपका गेला. आता वाढवू नका." मी तक्त्याचं विचारलं. म्हणाले, "तक्ता राहू द्या. तपासणीला आलेल्या सरकारी इन्स्पेक्टरना आवडला. आणि तेल लावू नये हे काही खोटं नाही." तेही खरं होतं. त्या माणसाच्या तोंडून खोटं कधी निघतच नाही, हेच तर आहे.

बायकांना जाड कापडाचे पाठीचे पट्टे येणार आहेत, मुंबईहून. येईपर्यंत त्या उघड्या पाठीनं उचलतात. सखूबाईची पाठ सोलली आहे. ती मला म्हणते, "मास्तर, तेल लावायचं नाय, पोतं बांधायचं नाय, मग बाईनं करायचं काय ते पन शिकवा की." ती हे हसून म्हणते. मी रोज साहेबांच्या दारात जाऊन पट्ट्यांचं विचारतो, आणि ते रोज येतायत म्हणतात. काशीराम एस.टी.च्या थांब्यावर हमाली करतो. मी दिसलो की डोक्यावरचं ओझं या बाजूनं त्या बाजूला करतो, म्हणजे तोंड दिसू नये. तो पाठ वाकवून उचलतो, चुकीचं. मी त्याला सांगत नाही.

भाऊबीज येऊन गेली. पाट मांडला नव्हता.

वर्ग रोज भरतो, आता बायकांचाही. मी तक्त्याकडं पाठ करून शिकवतो. बाटली पुसून घ्यायची चिठ्ठी साहेबांनी दिलेली नाही, आणि दादू चिठ्ठीशिवाय हात लावत नाही. मी स्वतः चाकूनं खरवडायला घेतली होती. तेलरंग पक्का बसला आहे, निघत नाही. तक्ता भिंतीवर आहे. बाईच्या हातात बाटली आहे. ती पुसायची राहिली आहे.